कुसुमच्या मागे सायकलने जव्हारला

सायकलने जव्हारला जायची कल्पना माझी नव्हती. मी सरकारी कचेरीत काम करणारा माणूस. नकाशा काढणं, अंतर मोजणं, मुक्काम ठरवणं एवढं मला जमतं. प्रत्यक्ष जायची वेळ आली की मी आधी बसचं वेळापत्रक बघतो.

कल्पना कुसुमची, म्हणजे माझ्या बायकोची. ती अथालच्या शाळेत शिकवते. माझी सिल्वासाला बदली झाल्यावर चाळिशीच्या उंबरठ्यावर ती सायकल शिकली, कारण शाळेच्या वेळेला बस कधी यायची नाही. माहेर साक्रीकडचं, खानदेशातलं. एकदा मनात आलं की ते तडीला नेणारी. पण आदल्या वर्षी वलसाडला तिचं पिशवीचं ऑपरेशन झालं आणि घरादाराने, शेजाऱ्यापाजाऱ्यांनी तिला काचेच्या भांड्यासारखं जपायला सुरुवात केली. पाण्याची कळशी उचलली की मी धावायचो. शेजारच्या गुजराती काकी खिडकीतून म्हणायच्या, "कुसुमबेन, तमे आराम करो ने!" शाळेतल्या बायका तिच्याकडे बघून हळू आवाजात 'बिचारी' म्हणायच्या, आणि तो हळू आवाज तिला बरोबर ऐकू यायचा.

दिवाळीनंतर एका संध्याकाळी भाजी निवडता निवडता ती म्हणाली, "अहो, नाताळच्या सुट्टीत सायकलने जव्हारला जाऊ या. एका रस्त्याने जायचं, दुसऱ्याने यायचं."

मी हसलो. ती हसली नाही. दुसऱ्या दिवशी तिने परस्पर डॉक्टरांना विचारलं. ते म्हणाले, "खुशाल चालवा. जखम केव्हाच भरलीय. घाबरतंय कोण, तुम्ही की घरचे?"

मग मीही नकाशाला बसलो. कचेरीच्या भिंतीवर या मुलखाचा एक जुना नकाशा टांगलेला होता. बटर पेपर लावून त्यावरून रस्ते गिरवून घेतले आणि रस्त्यावर दोरा ठेवून अंतर मोजलं. सिल्वासाहून दक्षिणेला खानवेल, तिथून नदीच्या अंगाने डोंगरात शिरून जव्हार, मग विक्रमगडकडे उतरून हमरस्त्याला लागायचं आणि तलासरी, भिलाड, नरोली, अथाल करत घरी. एका फेरीत केंद्रशासित प्रदेश, महाराष्ट्र आणि गुजरात असे तीन कारभार. मी ही फेरी उलट्या बाजूने आखली होती. आधी सपाटीचा हमरस्ता, म्हणजे दमलो तर परत फिरता येईल.

कुसुमने नकाशा बघितला. "मुलांना मी सांगते, आधी सोपे प्रश्न सोडवा. पण इथे आधी चढच घेऊ. परत फिरायची सोय ठेवली तर तुम्ही फिराल."

दर रविवारी सराव सुरू झाला. पहिल्यांदा नरोलीपर्यंत, मग खानवेलच्या अर्ध्या वाटेपर्यंत. सायकली दोन्ही काळ्या, जड, गिअर नसलेल्या. सायकलवाल्याने मागे मोठ्या दात्यांची फ्रीव्हील बसवून दिली, ब्रेकचे रबर नवे घातले. आणि कुसुमने आयुष्यात पहिल्यांदा पंजाबी ड्रेस शिवला. तो घालून ती गल्लीतून निघाली त्या दिवशी आमच्यापेक्षा बघून बघून गल्लीच जास्त दमली.

खानवेल, आणि तळ्यात गेलेला रस्ता

निघालो तेव्हा चर्चवर नाताळचा तारा अजून लटकत होता आणि कारखान्यांची रात्रपाळी सुटत होती. हिरव्या-निळ्या गणवेशांतले कामगार सायकलींवर गावात येत होते, आम्ही दोघं उलट्या दिशेने चाललो होतो. गावातले कारखाने मागे पडले की हा मुलूख एकदम बदलतो. सागाची झाडं रस्त्यावर झुकतात, भात कापून झालेल्या खाचरांत पेंढ्यांच्या उडव्या उभ्या दिसतात, कारवीच्या कुडाची, शेणाने सारवलेली घरं एकेकटी टेकडीवर बसलेली असतात. आमच्या कोकणात घरं एकमेकांना खेटून, नारळी-पोफळीच्या आगराच्या सावलीत. इथे प्रत्येकाला आपली टेकडी.

खानवेलला नदीकाठी न्याहारी केली. कळण्याच्या, म्हणजे ज्वारी-उडदाच्या पिठाच्या पुऱ्या आणि ठेचा. ठेच्याने माझ्या डोळ्यांत पाणी आलं तेव्हा कुसुम म्हणाली, "हाच ठेचा जव्हार चढवेल तुम्हाला."

तिथून आम्ही माझ्या नकाशातल्या रस्त्याला लागलो. दुधनीच्या बाजूला वळून, नदीच्या खोऱ्यातून पुढे जाऊन डोंगर चढायचा असा माझा बेत होता. रस्ता सुंदर होता. वर-खाली, वर-खाली, आणि प्रत्येक चढावरून धरणाचं पाणी जवळ आलेलं दिसायचं. शेवटच्या उतारावर मी पुढे होतो. वाऱ्यावर तरंगत वळण घेतलं आणि दोन्ही ब्रेक करकचून दाबले.

रस्ता सरळ पाण्यात गेला होता. डांबर, कडेचे दगड, सगळं हळूहळू तळ्यात उतरत होतं आणि थोडं पुढे निळ्या पाण्याखाली दिसेनासं होत होतं.

काठावर वारली समाजातली एक म्हातारी हातजाळं धूत बसली होती. मी विचारलं, "आजी, पुढे जायचा रस्ता कुठे आहे?"

"हाय ना. खाली हाय," ती म्हणाली. आणि मग आमची तोंडं बघून मनापासून हसली.

आमच्या कचेरीतला नकाशा धरणाच्या आधीचा होता, हे तेव्हा माझ्या डोक्यात आलं. कुसुमने मला एक शब्दही ऐकवला नाही. तिने सायकल झाडाला टेकवली आणि जाऊन म्हातारीशेजारी बसली.

"आजी, रस्ता कुठे जायचा हो?"

"आमच्या गावात." म्हातारीने पाण्यावर बोट फिरवलं. "तठं घर. तठं आंबा. पानी उतरलं का जोतं दिसतं. मी जातंय बघाया."

कुसुमने पाण्यात हात घातला. मग म्हणाली, "माझ्या मावशीचं गाव असंच उकई धरणाच्या पाण्यात गेलं. ती पण जाते बघायला."

दोघी पाण्याकडे बघत बसल्या. म्हातारीने फडक्यातून उकडलेली रताळी काढून दिली, कुसुमने तिला ठेचा दिला. म्हातारीने तो बोटाने चाटला, डोळे मिटले, आणि आणखी मागितला. साक्रीच्या ठेच्याला पुरून उरलेली माणसं मी फार थोडी पाहिली आहेत.

आलो तेवढं सगळं मागे जायचं होतं, आणि उताराचे आता चढ झाले होते. खानवेलला परत पोचलो तेव्हा उन्हं कलली होती आणि माझ्या मांड्या लाकडासारख्या झाल्या होत्या. दिवसभर घाम गाळून आम्ही न्याहारीच्या जागीच आलो होतो.

तिथल्या आश्रमशाळेत सावे गुरुजी म्हणून एक ओळखीचे होते, त्यांच्याकडे उतरलो. गुरुजींच्या पत्नीने नागलीच्या भाकऱ्या आणि उडदाची आमटी केली. आमच्याकडे तिला नाचणी म्हणतात. नाव बदललं तरी भाकरी तीच, गरम असताना लोण्यासारखी. जेवताना गुरुजी मला म्हणाले, "अहो, वहिनींचं ऑपरेशन झालंय ना? उद्या सकाळच्या बसने परत जा. जव्हारचा दुसरा रस्ता आहे, पण तो पुरुषांनाही सायकलवरून उतरवतो."

मला ते पटलं. मनातून मी त्याचीच वाट बघत होतो.

सकाळी सिल्वासाची बस झाडाखाली उभी होती. कंडक्टरला गुरुजींनी आधीच सांगून ठेवलं होतं. तो टपाची शिडी धरून म्हणाला, "चला बेन, सायकल वर चढवून देतो. जगा छे, वांधो नाही."

कुसुमने बसकडे बघितलं, मग माझ्याकडे. "तुम्ही ठरवलंत का हे?"

"अगं, कालच किती दम लागला. नकाशा चुकला माझा. पुन्हा कधीतरी..."

"पुन्हा कधीतरी म्हणजे कधी?" ती शांतपणे म्हणाली. "वर्षभर सगळे मला सांगतायत, पुन्हा कधीतरी. कळशी पुन्हा कधीतरी, प्रवास पुन्हा कधीतरी. तुम्ही बसने जा. मी रागावणार नाही, खरंच. पण मी वर जाणार."

तिने ओढणी कमरेला बांधली, पायडलवर पाय ठेवला आणि दक्षिणेच्या रस्त्याला लागलीसुद्धा. कंडक्टर माझ्याकडे बघत राहिला. मी त्याला हात जोडले आणि तिच्या मागे निघालो. त्यानंतरचा सगळा प्रवास मी तिच्या मागेच केला.

चढ

महाराष्ट्राची हद्द कुठे लागली ते आम्हाला मैलाच्या दगडांवरून कळलं. मग डोंगर सुरू झाला. पाहिल्याशिवाय कल्पना येणार नाही असा हा रस्ता आहे. एक वळण संपलं की वाटतं आलं, तर वर त्याच डोंगराच्या अंगावर रस्त्याची आणखी एक रेघ दिसते. खाली दरीत धुकं, पळस आणि साग, आणि मधूनच कुठेतरी कुऱ्हाडीचा आवाज.

कुसुमने एक नियम केला होता. थांबायचं, पण सायकल ढकलायची नाही. चढ फार अंगावर आला की ती रस्त्याच्या या कडेपासून त्या कडेपर्यंत नागमोडी चालवायची. अगदीच दम लागला की एक पाय कठड्यावर टेकून उभी राहायची, घोटभर पाणी प्यायची, आणि पुन्हा तिथूनच सुरू. मी दुसऱ्या वळणाला उतरलो. पोटरीत असा गोळा आला की रस्त्यातच बसलो. ती वळून खाली आली नाही. वरूनच ओरडली, "चोळा! आणि मीठ-साखरेचं पाणी प्या! मी पुढे होते."

मी सायकल ढकलत तिच्यापर्यंत पोचलो तेव्हा तिच्याबरोबर मोळ्या घेतलेल्या चार-सहा बायका चालत होत्या. तिचा चढावरचा वेग आणि त्यांचा चालायचा वेग सारखाच होता.

"कठं जातं बाय?" एकीने विचारलं.

"जव्हारला."

"काय आनाया?"

"काही नाही. नुसतं जायचं."

"नुसतं!" त्या बायका इतक्या हसल्या की एकीची मोळी कलली. पण त्यांनी तिची साथ सोडली नाही. कुसुम थांबली की त्याही मोळी दगडाला टेकवून थांबायच्या. एकीने सायकलची घंटी वाजवून बघितली, मग प्रत्येकीला ती वाजवायची होती. त्या वळणावर इतक्या घंट्या वाजल्या की खालून येणाऱ्या एसटीच्या ड्रायव्हरने गाडी हळू केली. खिडक्यांतून डोकी बाहेर आली. त्यांच्यातली एक बाई ओरडली, "चल गं माय, राह्यलं थोडं!" आवाजावरून खानदेशी. कुसुमने मान वर केली आणि चालवतच ओरडून उत्तर दिलं, "हां व माय!"

मोळीवाल्या बायका त्यांच्या पाड्याच्या वाटेला वळल्या तेव्हा कुसुम त्यांच्याकडे बघत म्हणाली, "या रोज चढतात. डोक्यावर ओझं घेऊन. यांना कोणी शाबास म्हणत नाही."

"मी तुला म्हणू का?"

"वर पोचल्यावर म्हणा. आत्ता म्हणालात तर हसू येईल आणि दम जाईल."

दुपार कलताना डोंगर एकाएकी संपला. समोर पठार, थंड वारा आणि जव्हारची कौलारू घरं. शेवटच्या वळणानंतर ती सायकलवरून उतरली, तीही पुरती वर पोचल्यावर. खानवेलपासून इथपर्यंत एक पाऊलही तिने सायकल ढकलली नव्हती. हे मी शपथेवर सांगतो, कारण ढकलणारा मी होतो आणि मी पूर्ण वेळ तिच्या मागे होतो.

शाबास म्हणायच्या ऐवजी मी तिच्या सायकलची घंटी वाजवली.

जव्हार

जव्हार ही एका जुन्या संस्थानाची राजधानी. राजवाडा गावाबाहेर झाडीत आहे, गुलाबी दगडाचा. राखणदाराने आमच्या धुळीने भरलेल्या कपड्यांकडे पाहून आधी नाही म्हटलं. मग विचारलं, "आलात कुठून?" कुसुमने सांगितलं. त्याने सायकलींकडे पाहिलं, तिच्याकडे पाहिलं आणि किल्ल्या घेऊन आला. "या. राजेसाहेबांच्या मोटारीसुद्धा त्या चढाला तापायच्या म्हणतात."

गच्चीवरून सगळीकडे डोंगरांच्या ओळी दिसत होत्या. सुरतेच्या स्वारीच्या वाटेवर छत्रपतींचा मुक्काम पडला होता तो शिरपामाळ राखणदाराने बोटाने दाखवला. आम्ही आलो ती बाजूही दाखवली. रस्ता मात्र झाडीत बुडून गेला होता.

तो खाली गेल्यावर कुसुम कठड्याला टेकली.

"ऑपरेशननंतर मला वाटायचं," ती म्हणाली, "हे शरीर माझ्याकडे कुणीतरी सांभाळायला ठेवलंय. फुटू द्यायचं नाही, वापरायचं नाही, जसंच्या तसं परत करायचं. आज ते माझं वाटलं."

त्या गच्चीवर मी तिचा हात धरला. आमच्या पिढीची माणसं उघड्यावर असं करत नाहीत, पण बघायला डोंगरच होते.

उतार

तिसऱ्या दिवशी विक्रमगडच्या उताराने आमची खोड मोडली. चढाचं भय वाटतं, उताराचं वाटत नाही, म्हणून घात होतो. थंड हवेत सायकली नुसत्या सोडून दिल्या होत्या. एका वळणावर बकऱ्यांचा कळप रस्त्यात आला. कुसुमने ब्रेक दाबले, तापलेले रबर धरेनात. बकरी वाचवायला तिने हँडल वळवलं आणि ती कडेच्या खडीवर आपटली.

मी पोचेपर्यंत ती उठून बसली होती. कोपर सोलून रक्त वाहत होतं, पंजाबी ड्रेसची बाही फाटली होती, हँडल वाकडं झालं होतं. माझ्या डोळ्यांपुढे वलसाडच्या दवाखान्यातली खाट आली. "पोटात दुखतंय का? नीट सांग, पोटात?"

"कोपर, अहो, कोपर! पोट कुठे आलं मध्येच?"

विक्रमगडच्या दवाखान्यात जखम धुऊन पट्टी बांधली, धनुर्वाताची सुई टोचली. बाहेर एक टेम्पोवाला तलासरीलाच चालला होता. मी त्याच्याशी बोलून आलो. कुसुमने ऐकलं, आणि लग्नाला इतकी वर्षं झाली तरी रागावली की जी भाषा बाहेर येते ती आली. "मी सायकलवरच जासू. तुम्हले जानं व्हई ते जा."

टेम्पोवाला खानदेशातला निघाला. ते ऐकून तो एवढंच म्हणाला, "दादा, आता काही बोलू नका," आणि गाडी सुरू करून गेला.

मी तिच्या सायकलचं पुढचं चाक दोन्ही गुडघ्यांत धरून हँडल सरळ केलं. या सगळ्या प्रवासात माझ्या हातून नीट पार पडलेलं हे एक काम. सरळ झालंय का ते तिने एक डोळा मिटून पाहिलं आणि मान डोलावली. मला कुणीतरी पदक दिल्यासारखं वाटलं.

तलासरीला तिच्या शाळेतल्या एका बाईंच्या माहेरी मुक्काम केला. त्यांनी पट्टी बदलली, हळदीचं दूध दिलं, आणि गावातली बरीच माणसं बोलावून आणली आम्हाला बघायला.

हमरस्ता आणि अथाल

शेवटचा दिवस सपाटीचा. पण हमरस्त्यावर वारा समोरून, आणि प्रत्येक ट्रक जाताना सायकल कडेला ढकलून जायचा. राज्याच्या हद्दीवर नाक्याला ट्रकांची रांग लागली होती, डोळ्यांना शेवट दिसेना. ड्रायव्हर खाली उतरून स्टोव्हवर स्वयंपाक करत होते. आम्ही कडेकडेने सगळ्या रांगेला मागे टाकत पुढे गेलो. नाक्यावरच्या हवालदाराने गमतीने हात आडवा केला.

"काय माल आहे, बेन?"

"मागे येतोय," कुसुम म्हणाली आणि माझ्याकडे बोट दाखवलं.

हवालदार हसत हसत बाजूला झाला. त्यापुढे मैलाच्या दगडांवरचे आकडे गुजराती झाले. भिलाडला गरम गाठिया, संभारा म्हणजे कच्च्या पपईचा परतलेला कीस, आणि आल्याचा चहा घेतला. कोकणात मी पोह्यांवर वाढलो, खानदेशात सासुरवाडीला शेवभाजी खातो. पण चार दिवस सायकल चालवलेल्या माणसाला गाठियासारखं दुसरं खाणं नाही, हे मी आता दोन्ही घरांना सांगायला तयार आहे.

नरोलीनंतर रस्ता ओळखीचा झाला. एकेक झाड, एकेक कारखान्याचं फाटक. कुसुमचा वेग वाढला. मला गाठता आलं असतं की नाही कोण जाणे, पण मी गाठायला गेलो नाही. लांबून तिच्याकडे बघत यायचं होतं. हाताला पट्टी, बाहीला तलासरीच्या बाईंनी घातलेले मोठमोठे टाके, डोक्याला ओढणी घट्ट बांधलेली, आणि पाठ ताठ.

अथालला पाणी प्यायला मी टपरीवर थांबलो. ती थांबली नाही, सरळ दमणगंगेच्या पुलावर चढली. दुसऱ्या पाळीला निघालेले कामगार चहा पीत उभे होते. त्यांच्यातला एकजण तिच्याकडे बघतच राहिला. बोलण्यावरून धुळ्याकडचा वाटला.

"भाऊ," त्याने मला विचारलं, "त्या पुढे गेल्या त्या कोण? लांबून आल्यासारख्या दिसतात."

पुलावर तिची सायकल आता मध्यावर पोचली होती. खाली नदी, पलीकडे कारखान्यांच्या चिमण्या. मी पाण्याचा ग्लास खाली ठेवला.

"माझी बायको आहे," मी म्हणालो. "डोंगर चढून जव्हारला जाऊन आलीय."

त्याने हातातला चहा बाजूला ठेवला आणि बाकीच्यांना हाक मारली. मग ते सगळे रस्त्याच्या कडेला येऊन उभे राहिले आणि ती पूल उतरून दिसेनाशी होईपर्यंत बघत राहिले. मी त्यांच्यातच उभा होतो.